पासवर्ड परत करणारा मुलगा

आमच्या ऑफिसातून नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाने स्वतःहून फोन करून सांगितलं, की ऑफिसचे सगळे पासवर्ड माझ्याकडे राहिलेत, ते ताबडतोब बदला. त्याबद्दल त्याला मिळालं काय, तर शेवटचा पगार अडवला गेला आणि तोंडावर 'चोर' हा शब्द ऐकावा लागला. या गोष्टीला आता बराच काळ झाला, पण माझा राग काही उतरलेला नाही. शिवाय त्या सगळ्याच्या मुळाशी जे होतं, ते आजही कित्येक छोट्या ऑफिसांत तसंच चालू आहे. कामासाठी ब्राउझर कोणता वापरायचा, आणि तो चालवायचा कुणाच्या नावावर, हे ठरवतच नाही कुणी.

आमचा गाळा जोगेश्वरी पूर्वेला, गुंफा रोडच्या आतल्या बाजूला. पंप आणि व्हॉल्व्हला लागणारी सील, गास्केट यांचा व्यापार. खाली माल, वर पोटमाळ्यावर ऑफिस. मी अकाउंट्स बघते. शेठ बहुतेक बाहेर गिऱ्हाइकांकडे. तो मुलगा बी.कॉम. होऊन कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागला. राहायला मेघवाडीत, चालत यायचा. टॅलीतल्या एंट्र्या, ई-वे बिलं, जीएसटीची रिटर्न, पीएफचं चलन, बँकेची स्टेटमेंट, सरकारी टेंडरं निघाली का ते बघणं, सगळं त्याच्याचकडे. छोट्या धंद्यात माणसं अशीच लागतात.

कॉम्प्युटरवर तीन ब्राउझर होते आणि त्यातला एकही कुणी विचार करून ठेवलेला नव्हता. इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजबरोबरच आलेला. काही पोर्टलांच्या सूचनांमध्ये तर 'इंटरनेट एक्सप्लोररमध्येच उघडा' असं स्पष्ट लिहिलेलं असायचं. डिजिटल सहीचं ते पेनड्राइव्हसारखं टोकन लावायला जावा लागायचं. क्रोमने २०१५ साली जुन्या पद्धतीची प्लगइन पार काढून टाकली आणि त्याबरोबर जावाही गेलं. मग सहीचं काम फायरफॉक्सवर नेलं, तर मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स ५२ ने तेच केलं. तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने जुना फायरफॉक्स आणून बसवला आणि त्याचं अपडेट बंद करून ठेवलं. रोजच्या कामाला क्रोम. असं एकेका अडचणीतून ते जमत गेलं. आपल्याकडेच हे होतं असं नाही. दक्षिण कोरियात १९९९ पासून बँकांची आणि सरकारी कामांची सुरक्षा एक्सप्लोररच्या ॲक्टिव्हएक्स नावाच्या प्लगइनवर उभी राहिली आणि अख्खा देश पुढची कितीतरी वर्षं त्या एका ब्राउझरला बांधला गेला. तिथल्या सरकारमान्य डिजिटल प्रमाणपत्राचा खास दर्जा जाता जाता डिसेंबर २०२० उजाडला. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरचा एक्सप्लोररही निवृत्त केला. ज्यांची जुनी पोर्टलं अजून अडली आहेत त्यांच्यासाठी एजमध्ये 'आयई मोड' ठेवलाय, तो किमान २०२९ पर्यंत चालेल असं कंपनी म्हणते.

हे झालं पोर्टलांचं. आमच्या मुलाचा घात झाला तो क्रोममुळे. किंवा क्रोमने तरी काय केलं म्हणा.

ऑफिसचा एकच ईमेल होता, तो शेठच्या मोबाइलवर. त्याचा पासवर्ड ते कुणाला देत नसत. मग कोटेशनं आणि बिलं पाठवायची कशी? "तुझं जीमेल आहे ना, त्यावरून पाठव," असं शेठनीच त्याला सांगितलं. हे माझ्यासमोर झालं, आणि पुढे जे काही बोललं गेलं तेव्हा हे वाक्य कुणालाच आठवत नव्हतं. म्हणून मी ते इथे लिहून ठेवते. त्याने ऑफिसच्या क्रोममध्ये स्वतःचं जीमेल उघडलं. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या क्रोम ६९ पासून अशी सोय झाली, की तुम्ही जीमेलमध्ये शिरलात की ब्राउझरही तुमच्याच नावाने साइन-इन व्हायचा. जगभर त्यावर ओरड झाली, तेव्हा पुढच्या आवृत्तीत ते बंद करायची सोय दिली. पण ती सेटिंगमध्ये आत कुठेतरी, आमच्यापर्यंत ती कोण पोचवणार? त्यापुढची पायरी म्हणजे सिंक. त्यासाठी एक खिडकी समोर यायची आणि त्यात एक निळं बटण असायचं. रोज अशा किती खिडक्या येतात. माणूस समोरचं काम उरकायचं म्हणून निळं बटण दाबतो. त्यानेही दाबलं असणार. तेव्हापासून 'पासवर्ड सेव्ह करू का?' या प्रश्नाला 'हो' म्हटलेलं प्रत्येक उत्तर त्याच्या स्वतःच्या गुगल खात्यात जमा होत गेलं.

आणि हेच सिंक लॉकडाऊनमध्ये आमच्या कामी आलं. मार्च २०२० ला गाळ्याला कुलूप लागलं. जोगेश्वरीतल्या गल्ल्या बांबू लावून बंद. ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत कुणी पोचू शकत नव्हतं आणि पासवर्डची वही माझ्या टेबलाच्या खणात. मुलाने बहिणीच्या लॅपटॉपवर क्रोम उघडला, स्वतःच्या जीमेलने आत गेला, आणि जीएसटी, पीएफ, बँक, सगळं समोर हजर. घरात बसून त्याने पार्ट्यांची येणी काढली, चलनं भरली, स्टेटमेंट पाठवली. शेठनी फोनवर त्याची पाठ थोपटली. मला म्हणाले, "पोरगा हुशार आहे, वहीशिवाय सगळं चालवतो." वहीशिवाय कसं चालवतो, हे तेव्हा त्यांनी विचारलं नाही. नंतर जो गुन्हा ठरला तो हाच होता. त्यात एका अक्षराचा फरक नव्हता.

पुढे त्याला अंधेरीच्या एमआयडीसीत जास्त पगाराची नोकरी मिळाली. रीतसर नोटीस दिली, काम समजावून दिलं, गेला. नवी कंपनी आमच्याच लाइनमधली, हे खरं. तिथे पहिल्याच आठवड्यात त्याने स्वतःच्या जीमेलने क्रोम चालू केला, जीएसटीचं पोर्टल उघडलं, आणि लॉगिनच्या चौकटीत आमच्या फर्मचं युजरनेम आपोआप भरून आलं. खाली पासवर्डच्या जागी काळे ठिपके. फक्त कॅप्चा टाकायचा बाकी.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. "ताई, आधी जीएसटीचा पासवर्ड बदला, मग बँकेचा. माझ्या खात्यात सगळे सेव्ह आहेत. मी डिलीट करतोच, पण मी डिलीट केले म्हणून तुम्ही थांबू नका." हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. 'माझ्यावर विश्वास ठेवा' असं तो म्हणाला नाही. माझ्यावर विश्वास ठेवायची गरजच पडू नये असं करा, असं म्हणाला. माझ्या अख्ख्या नोकरीत इतकी सरळ गोष्ट मला फार थोड्या माणसांनी सांगितली असेल.

मी तिथल्या तिथे पासवर्ड बदलायला घेतले आणि शेठना सांगितलं. ते लालबुंद झाले. त्याला संध्याकाळी बोलावून घेतलं. तो कामावरून सुटून थेट पोटमाळ्यावर आला, घामाने भिजलेला, आणि काही न विचारता मोबाइल काढून टेबलावर ठेवला. पासवर्डची यादी उघडी. ती यादी अजून डोळ्यांसमोर आहे. आमच्या दोन बँका, पीएफ, ई-वे बिल, कुरिअर, विजेचं बिल, टेंडरचं पोर्टल, आणि त्यांच्या मधेमधे त्याचं स्वतःचं: रेल्वेचं तिकीट, विद्यापीठाचा निकाल, बहिणीच्या परीक्षेचा फॉर्म. आमच्या ऑफिसचा सगळा कारभार एका पोराच्या खाजगी आयुष्यात जाऊन बसला होता. तो एकेक नाव आम्हाला दाखवून पुसत होता. शेठ म्हणाले, "नवीन मालकाला दाखवून झाले असतील, आता पुसतोस." तो म्हणाला, "मी कॅप्चापण टाकला नाही, शेठ." "ते कुणी बघितलं?" यावर तो काय बोलणार? न केलेल्या कृत्याचा पुरावा कुठून आणणार? मी मधे पडले, 'जीमेल वापर' असं आपणच सांगितल्याची आठवण करून दिली. "चोराची बाजू घेऊ नका," असं मला उत्तर मिळालं. चौकशी होईपर्यंत हिशोब होणार नाही, असं त्याला सांगून खाली पाठवलं. चौकशी कसली आणि कोण करणार? ती झालीच नाही.

चोरी करणारा माणूस फोन करून 'कुलूप बदला' सांगत नाही, एवढं साधं कळायला काय लागतं? त्याने गप्प राहायचं ठरवलं असतं तर आम्हाला कधीच पत्ता लागला नसता. त्याचा पगार वेळेवर झाला असता, दिवाळीला मिठाईचा डबा गेला असता. खरं बोलल्याचा दंड त्याने भरला. ऑफिसातल्या बाकीच्यांनी त्यातून काय घेतलं असेल, ते सांगायला नको.

पण शेठची भीती अगदीच पोकळ होती असंही मला म्हणता येत नाही. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, उघडलं की कोणत्या पार्टीला किती रकमेची बिलं गेली ते तिच्या जीएसटी नंबरासकट दिसतं. आमच्या धंद्यात एवढं कळलं की सगळं कळलं. बँकेतून पैसे हलवायला ओटीपी शेठच्या फोनवर येतो, तेव्हा पैशाला धोका नव्हता, पण स्टेटमेंट कुणीही वाचू शकलं असतं. त्या यादीकडे बघताना माझ्याही पोटात गोळा आलाच. जन्मभराची पुंजी ज्याने धंद्यात घातली त्याला झोप लागली नसेल, हे मी समजू शकते. समजून घेऊनही पगार अडवणं मला पटत नाही, आणि ते मी तेव्हाही शेठना सांगितलं होतं.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागले. भाचा या क्षेत्रातला, त्याच्याकडून समजून घेतलं. क्रोम असो, एज असो की फायरफॉक्स, तिन्हींत ऑफिससाठी नियम घालून देता येतात. वैयक्तिक खात्याने साइन-इन होऊ न देणं, सिंक बंद करणं, पासवर्ड सेव्ह न करणं, ठरवून दिलेल्याशिवाय एक्स्टेंशन न चालू देणं. यातलं बरंचसं विंडोजच्या रजिस्ट्रीतून करता येतं, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. गुगलचं ब्राउझर सांभाळायचं मूळ व्यवस्थापनही फुकट मिळतं. फायरफॉक्सची ईएसआर नावाची आवृत्ती ऑफिसांसाठीच असते, तिच्यात सारखे बदल होत नाहीत. एक्स्टेंशनबद्दल तर मी प्रत्येकाला सांगते. पीडीएफ जोडून देणारं, कूपन शोधणारं असं काहीबाही लोक टाकतात, आणि ते 'सर्व साइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी मागून घेतं. त्यात बँकेचं पानही आलं. 'द ग्रेट सस्पेंडर' हे लाखो लोक वापरत होते. मूळ मालकाने ते दुसऱ्याला दिलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गुगलला ते बंद करावं लागलं. आमचा विंडोज ७ चा कॉम्प्युटरही बदलायला लावला. त्याच्यावर चालणारा शेवटचा क्रोम म्हणजे १०९. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० ला विंडोज १० लागायला लागलं. जुन्या ब्राउझरवर बँक उघडणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं.

शेठनी मात्र टोकच गाठलं. सिंक बंद, पासवर्ड सेव्ह करणं बंद, जीमेल बंद, वर टेबलावर रोखलेला कॅमेरा. सुरुवातीला मला ते योग्यच वाटलं. मग नवीन आलेल्या मुलीच्या कीबोर्डखाली मला चिठ्ठी सापडली, सगळे पासवर्ड तिच्यावर ओळीने लिहिलेले. ती तरी काय करणार, इतके पासवर्ड रोज कोण लक्षात ठेवणार? त्या चिठ्ठीचा फोटो माल उतरवायला वर आलेला कुणीही काढू शकला असता. तेव्हा जे बंद करायला मी स्वतः भाच्याला बोलावलं होतं, तेच चालू करा म्हणून मला शेठशी भांडावं लागलं. सिंक हवं, पण कंपनीच्या खात्यात. फर्मच्या नावाचं डोमेन घ्या, त्यावर प्रत्येकाला ईमेल द्या, त्या ईमेलने ब्राउझर चालू करा, आणि माणूस सोडून गेला की त्याच दिवशी ते खातं बंद करून पासवर्ड बदला. माणशी महिन्याला येणारा खर्च ऐकून शेठ कुरकुरले. तेवढे पैसे चहाला जातात, असं मी सांगितलं. शेवटी घेतलं.

त्या मुलाचा पगार माझ्या तगाद्याने पुढे निघाला. 'चोर' शब्द कुणी मागे घेतला नाही. तो आता नव्या ठिकाणी बऱ्या जागेवर आहे. कंपनीचा ईमेल हातात पडेपर्यंत एकही कोटेशन पाठवणार नाही असं त्याने तिथे सांगितलं, आणि त्यांनी तो दिला. आमच्याकडे त्या वर्षाचा त्याचा बोनस अजून बाकी आहे. मार्चअखेरीला शेठ म्हणतात, जुनी रक्कम आहे, काढून टाका. मी काढलेली नाही. टॅलीत ती त्याच्या नावाने देणं म्हणून उभी आहे, आणि मी इथे असेपर्यंत तशीच राहील.