पाचव्या पुस्तकातला आरडाओरडा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शुक्रवारी संध्याकाळी आमचं बिल्ड अडकलं होतं. ज्याने ते तोडलं तो गडी कंपनीची बस पकडून कधीच घरी पोचलेला, आणि उरलेली आम्ही पाच-सहा डोकी पँट्रीत मशीनचा चहा (चहा म्हणायचं आपलं) पीत बसलो होतो. अशा वेळी विषय कुठून कुठेही जातो. अप्रेझलवरून वडापाववर, वडापाववरून कुणाच्या तरी लग्नावर. टीममध्ये नवीन आलेल्या मुलीच्या पाण्याच्या बाटलीवर हॉगवर्ट्सचं स्टिकर होतं. त्यावरून वाद सुरू झाला की हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांतलं सगळ्यात कंटाळवाणं पुस्तक कोणतं.

एरवी आमच्या टीमचं चहा-कॉफीवर एकमत होत नाही, पण इथे दोन मिनिटांत झालं. पाचवं. ऑर्डर ऑफ द फीनिक्स.

(पुस्तक येऊन वीस वर्षं उलटून गेलीत. त्यामुळे पुढे कोण मरतं वगैरे मी बिनधास्त लिहिणार आहे. तक्रार चालणार नाही.)

कारणं मात्र प्रत्येकाची वेगळी. आमचा नागपूरचा टेस्टर सातही पुस्तकं कितीदा वाचलीत ते मोजत नाही, तो म्हणाला, "अबे, सातशे सहासष्ट पानं! त्यातली दोनशे तर उडवली तरी चालतात." याच्यात तथ्य आहे. ब्रिटिश आवृत्ती ७६६ पानांची, ३८ प्रकरणं, अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात जाडं पुस्तक. चौथं पुस्तक २००० च्या जुलैत आलं होतं आणि हे २१ जून २००३ ला. तीन वर्षं ताटकळलेल्या लोकांनी ते रात्रभर रांगा लावून घेतलं. हे पुस्तक लहान व्हायला हवं होतं असं खुद्द रोलिंगबाईंनीही नंतर एका मुलाखतीत कबूल केलंय. गंमत म्हणजे या सगळ्यात जाड्या पुस्तकाचा २००७ साली आलेला सिनेमा आठ सिनेमांमध्ये लांबीला खालून दुसरा आहे. आमच्या मॅनेजरने फक्त सिनेमेच पाहिलेत, त्यामुळे त्याला तक्रारच कळेना.

दुसरी तक्रार अंब्रिजबाईंची. गुलाबी स्वेटर घालून, गोड आवाजात, खाकरून बोलणारी ती बाई. मुलांना शिक्षा म्हणून अशा लेखणीने ओळी लिहायला लावते की प्रत्येक ओळ त्यांच्याच हातावर कोरली जाते. "वोल्डेमॉर्ट परवडला, ती नको," असं स्टिकरवाली म्हणाली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पण ही तक्रार म्हणजे खरं तर शाबासकीच झाली. स्टीफन किंगने २००३ सालीच तिला हॅनिबल लेक्टरनंतरची सगळ्यात जबरदस्त काल्पनिक खलनायिका ठरवलं होतं. वोल्डेमॉर्ट कुणाला आयुष्यात भेटत नाही हो, अंब्रिज प्रत्येकाला भेटलेली असते.

त्याच महिन्यात ए. एस. बायट या मोठ्या कादंबरीकार बाईंनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये या पुस्तकांच्या मोठ्या वयाच्या वाचकांना चांगलंच झोडपलं होतं. मोठी माणसं हे का वाचतात, तर त्यांना पुन्हा लहानपणाच्या सुरक्षित जगात जाऊन बसायचंय, असा साधारण सूर. पँट्रीतल्या कुणालाही बायट माहीत असायचं कारण नाही. मला हा लेख माहीत आहे तो आमच्या धाकटीमुळे. ती याच लेखावरून एकदा माझ्याशी दोन तास भांडली होती. तिच्याकडे येतोच आहे.

तर तिसरी आणि मुख्य तक्रार, जिच्यावर सगळे तुटून पडले: हॅरी या पुस्तकात सतत ओरडतो. सुट्टीभर मावशीच्या घरी अडकलेला, बातम्या ऐकण्यासाठी खिडकीखाली झुडपात लपून बसलेला, आणि शेवटी रॉन-हर्मायनी भेटतात तेव्हा त्यांच्यावर असा तुटून पडतो की पानभर कॅपिटल अक्षरं. मग वर्षभर तेच. "किती रडका आहे यार," इति टेस्टर. "कानाखाली द्यावीशी वाटते," इति मी.

हो, मीच. मी हे पुस्तक आठवीत असताना साताऱ्यात लायब्ररीतून आणून वाचलं होतं, डिक्शनरी शेजारी ठेवून, आणि तेव्हापासून माझं हेच मत होतं. फक्त आमच्या सिनियर मॅडम, ज्यांच्या घरी दहावीतला मुलगा आहे, त्या कप विसळता विसळता म्हणाल्या, "पंधरा वर्षांचा आहे ना तो? त्याच्या डोळ्यांसमोर त्याचा मित्र मेलाय आणि कुणी त्याला काही सांगत नाही. मग काय आरती म्हणेल?"

तेवढ्यात बिल्ड सुटलं आणि सभा बरखास्त झाली.

मॅडमचं वाक्य डोक्यात राहिलं खरं. घरी जाऊन पुस्तक काढलं आणि रोज रात्री थोडं थोडं वाचायला लागलो. आणि वाचताना आठवीत न दिसलेली एक गोष्ट दिसायला लागली. या पुस्तकात हॅरीचं वाईट चिंतणारी माणसं त्याला त्रास देतात हे तर आहेच. पण त्याला खरं पोखरतात ती त्याच्यावर प्रेम करणारी माणसं. रॉन आणि हर्मायनी सुट्टीभर त्याला पोकळ पत्रं लिहितात, कारण काही सांगायचं नाही अशी शपथ डम्बलडोरने त्यांना घातलेली असते. आणि डम्बलडोर स्वतः? तो जवळजवळ वर्षभर हॅरीच्या नजरेला नजर देत नाही. समोरून जातो, बोलतो दुसऱ्याशी. पोराला वाटतं आपलं काहीतरी चुकलं.

इथे पुस्तक बाजूला ठेवून जरा घरचं सांगतो.

२०१५ साली मी बारावीला होतो. अकरावी-बारावीला आईबाबांनी मला पुण्याला मावशीकडे ठेवलं होतं, क्लासेससाठी. बाकी सगळे साताऱ्याला. आजी तेव्हा आजारी होती, पण ती आजारी असायचीच. परीक्षा चालू असताना मी एक दिवसाआड घरी फोन करायचो आणि आजीला दे म्हणायचो. आई म्हणायची, "झोपलीय रे ती." एकदा फोन धाकटीने उचलला. ती तेव्हा बारा वर्षांची. मी विचारलं, आजी कशी आहे गं? ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "दादा, ती झोपलीय," आणि फोन ठेवला. मला वाटलं टीव्ही बघत असेल.

शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो तर गेटवर काका उभे. म्हणाले चल, साताऱ्याला जाऊ. गाडीत ते पावसापाण्याचं बोलत होते. मार्चमध्ये. घरी पोचलो, दार बाबांनी उघडलं. बाबांच्या डोक्यावर केस नव्हते. म्हणजे होते, अगदी बारीक, आठवड्याभरापूर्वी भादरल्यावर उगवतात तेवढे.

कुणी काही सांगायची गरजच पडली नाही. आजी जाऊन अठरा दिवस झाले होते. दहावा, तेरावा, सगळं उरकलं होतं. माझं फिजिक्स झालं त्या दिवशी सकाळी ती गेली होती.

मी ओरडलो नाही. मी विचारलं, "जेवायला काय आहे?" आई म्हणाली आमटी-भात. जेवलो. सगळे म्हणाले, पोरगं किती समजूतदार आहे. तुझ्या भल्यासाठीच केलं रे, असं प्रत्येकाने एकेकदा येऊन सांगितलं, आणि मार्क चांगले पडले तेव्हा तो विषय कायमचा मिटला. आपल्याकडे हे इतक्या घरांत होतं की याला कुणी खोटं म्हणतच नाही. तुमच्या माहितीत एखादं तरी उदाहरण असेल.

तर आता सप्टेंबर. मी पुस्तकात शेवटाकडे आलो होतो. हॅरी शेवटच्या पेपरात असतो (हो, तिथेही परीक्षाच!), जादूच्या इतिहासाच्या, आणि तिथेच त्याला सिरियसचा छळ होताना दिसतो. तो धावत सुटतो. ते दृश्य खोटं असतं, पण ते खोटं आहे आणि त्यात त्याच्यासाठी सापळा आहे हे कळायला जी माहिती लागते ती डम्बलडोरने त्याच्यापासून लपवलेली असते. शेवटी त्याला वाचवायला आलेला सिरियस खरंच मरतो. मग सदतिसावं प्रकरण. हॅरी डम्बलडोरची खोली फोडतो, वस्तू भिरकावतो, आणि डम्बलडोर फोडू देतो. मग म्हातारा कबुली देतो. तू अकरा वर्षांचा असताना विचारलंस, वाटलं लहान आहेस. बाराव्या वर्षी वाटलं, आत्ता नको. दरवर्षी नवं कारण. सांगायचं टाळत गेलो कारण तू आनंदात असावास असं फार वाटत होतं.

हे प्रकरण मी वाचलं ते पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या बाकावर. बाबांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून काकांनी त्यांना रातोरात साताऱ्याहून आणलं होतं. अँजिओप्लास्टी, दोन स्टेंट. धाकटी तेव्हा दादरला पीजीमध्ये राहून सीए फायनलचा ग्रुप देत होती आणि तिचे दोन पेपर राहिले होते. आई म्हणाली, "तिला इतक्यात सांगू नकोस हं." काका म्हणाले, बरोबर आहे. मीही म्हणालो, बरोबर आहे.

साडेनऊला तिचा फोन आला. पेपर बरा गेला, जेवले, वगैरे. मग म्हणाली, "बाबा फोन उचलत नाहीयेत. कुठेत?"

मी म्हणालो, "झोपलेत."

शब्द तोंडातून गेला आणि पलीकडे एकदम शांतता. मला आठवलं ते तिलाही आठवलं की नाही, तेव्हा कळलं नाही. तिने एवढंच विचारलं, "नक्की?" मी "हो" म्हणालो आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी ते प्रकरण वाचलं. फार वेळ लागला. अर्ध्यातच उठून पाणी पिऊन आलो. मग खाली पार्किंगमध्ये जाऊन तिला फोन केला आणि सगळं सांगितलं, स्टेंट किती, डॉक्टर काय म्हणाले, आत्ता बीपी किती.

ती ओरडली. हॅरीची काय बिशाद. वॉचमनने वळून बघितलं इतका आवाज फोनमधून बाहेर येत होता. बाबांबद्दल कमी, माझ्या त्या "झोपलेत"बद्दल जास्त. आणि मधेच, रडत रडत, दहा वर्षांपूर्वीचं काढलं. तुझ्याशी खोटं बोलायला मला लावलं होतं, कुणी विचारलं मला कधी? मी बारा वर्षांची होते. आजी समोर नव्हती आणि मी ती झोपलीय म्हणत होते.

माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. मी स्वतःला त्या गोष्टीतला हॅरी समजत होतो. रॉन आणि हर्मायनीचं काय झालं असेल याचा विचार मी कशाला करतोय! तिने हे पुस्तक वाचलं ते त्याच वर्षी सुट्टीत. तेव्हा ती मला म्हणाली होती की हॅरी ओरडतो ते ठीकच आहे, पण बिचाऱ्या त्या दोघांना किती वाईट वाटलं असेल. मी हसलो होतो. काहीतरीच मत तुझं, म्हणालो होतो.

बाबा आता ठणठणीत आहेत. सकाळी चालायला जातात, चोरून शेव खातात. धाकटीने दोन्ही पेपर दिले, पण ग्रुप निघाला नाही. नंतरच्याच पेपरात घसरली. आईने मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, पण रिझल्ट लागला त्या दिवशी तिने माझ्याकडे बघितलंही नाही, ताट वाढून आत निघून गेली. काकांनी मात्र स्पष्ट सांगितलं, दोन आठवडे तोंड बंद ठेवता आलं नाही तुला. मी काय उत्तर देणार? सांगितलं नसतं तर कदाचित ती पास झाली असती. धाकटीलाही मी सरळ विचारलं, सांगितलं ते बरोबर केलं का? ती म्हणाली, "आधी खोटं बोललास त्याचं काय?" आणि अभ्यासाला बसली.

दिवाळीला ती घरी आली होती तेव्हा माझी प्रत उचलून घेऊन गेली. मी पँट्रीतल्या वादाबद्दल सांगितलं, म्हटलं आमच्या हापिसात सगळ्यांना पाचवं पुस्तक सगळ्यात बोअर वाटतं, मीही त्यांच्यातच होतो, आता नाही वाटत. तिने माझ्याकडे अंब्रिजबाईंसारखं बघितलं.

"पाचवं? काहीही! सगळ्यात बोअर सातवं. पुस्तकभर नुसते तंबूत बसून असतात."