एकाच चुलीचा दगड

मॉरिशसला गेलेला मराठी प्रवासी बहुधा पांढरी वाळू आणि निळे पाणी पाहून परत येतो. आम्ही उभयतांनी मात्र बेटाच्या दक्षिण टोकाला, सुयाक नावाच्या गावी चार दिवस मुक्काम केला. गाव लहानसे. दुपारच्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. समुद्राची गाज तेवढी ऐकू येते.

या बेटाला जवळजवळ सर्व बाजूंनी पोवळ्यांच्या खडकांचे कडे आहे, त्यामुळे किनाऱ्याशी येईपर्यंत लाटांचा जोर ओसरलेला असतो. सुयाकजवळ ग्री-ग्री येथे हे कडे तुटले आहे. तेथे हिंदी महासागर सरळ काळ्या कातळावर येऊन आदळतो. पलीकडच्या एका कड्यावरून सारखे पाणी ओघळत असते. लोक त्याला ‘रडणारा खडक’ म्हणतात.

त्या कातळावर हात ठेवून आमची सौभाग्यवती म्हणाली, “अहो, हा तर आपल्या जोत्याचा दगड!”

बदलापुरात हेंद्रेपाड्याला आमचे घर आहे. तिचे म्हणणे भूगर्भशास्त्रज्ञांनाही मान्य व्हावे. पृथ्वीच्या पोटात एक चूल आहे म्हणा ना. चूल जवळपास जागच्या जागी राहिली आणि तिच्यावरून भूमी सरकत गेली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तिच्यावर आपला देश होता. तेव्हा उसळलेल्या लाव्ह्याच्या थरांतून पुढे सह्याद्री कोरला गेला. इ.स. १०६० चे अंबरनाथचे शिवमंदिर ज्या काळ्या पाषाणाचे आहे, तोही त्यातलाच. पुढे भारत उत्तरेला सरकला. मॉरिशस समुद्रातून वर आले ते फार मागाहून, ८०-९० लाख वर्षांपूर्वी. आज ती चूल शेजारच्या रेयुनियों बेटाखाली आहे. तेथला ज्वालामुखी अजून अधूनमधून भडकतो. मॉरिशसचे मात्र कधीच विझले.

दगडानंतर माणसे आली. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर येऊ लागले. पुढच्या सुमारे ८० वर्षांत साडेचार लाखांवर माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. मुंबई बंदरातून आलेल्यांत रत्नागिरीकडचे लोक पुष्कळ होते. जमीन सुपीक, पण दगडांनी भरलेली. हे दगड हातांनी वेचून त्यांनी रचलेले काळे ढीग आजही उसाच्या मळ्यांतून उभे दिसतात. त्यांवर कोणाचेही नाव नाही. कोकणातला कातळ सोडून निघालेल्या माणसाच्या वाट्याला हजारो मैलांवर पुन्हा तोच कातळ यावा!

गावात एक निवृत्त मराठी शिक्षक भेटले. मराठीत बोलताना ते एकेक शब्द जपून ठेवीत होते. म्हणाले, “गुरुजी, घरात आम्ही क्रिओल बोलतो. मराठी मी शाळेत शिकलो आणि शाळेतच शिकवली. आरती मात्र आजीने पाठ करून घेतली.” गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. मग विचारले, “तुमच्याकडची मुले मराठी पुस्तके पुष्कळ वाचत असतील, नाही?”

कॉलेजात वीस वर्षे मराठी शिकवूनही या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता आले नाही. माझ्या वर्गातली मुले घरी मराठीच बोलतात. पण पुस्तक पुढे केले की पाने किती, ते आधी मोजतात.

सहा कोटी वर्षे लोटली तरी दगड आपला वंश विसरत नाही, कारण त्याला काही करावे लागत नाही. भाषेचे तसे नाही. ती कोणीतरी रोज उचलून पुढच्याच्या हाती द्यावी लागते. सुयाकच्या त्या गुरुजींनी ती आयुष्यभर दिली. शक्य तर आमच्या भाषेतली गोष्टींची पुस्तके पाठवा, एवढेच त्यांचे मागणे होते.

मॉरिशसला जाल तेव्हा एक दिवस दक्षिणेसाठी राखून ठेवा. कातळ पाहा, उसातले ते ढीग पाहा. आणि पेटीत फराळाच्या डब्याशेजारी दोनचार मराठी पुस्तके अवश्य ठेवा.