विचारायला कोणी नसतं तेव्हा

४ जानेवारी २०२५ ला डॉ. राजगोपाल चिदंबरम गेले. धुळ्यात मराठी शिकवण्यात माझी हयात गेली. त्यांचं भौतिकशास्त्र मला कितीसं कळणार? पण एक गोष्ट मनात घर करून आहे. प्रचंड दाबाखाली प्लुटोनियम किती आकसतं, हे ठाऊक असलेले देश सांगेनात. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात १९६७ च्या सुमारास चिदंबरम यांनी ते गणितानं काढायला घेतलं. १८ मे १९७४ च्या पोखरण चाचणीला ते उपयोगी पडलं. १९९८ नंतर भारतानं चाचण्या थांबवल्या.

बॉम्बचं मला कौतुक नाही. पण जळगावची माझी नात इंजिनिअरिंग सोडून भौतिकशास्त्र घेते म्हणतेय आणि घरात सगळे चिडलेत. मी म्हटलं, "घे पोरी. कोणी सांगेना तर स्वतः शोधायचं, हे तिथं शिकशील."