दोन उंबरठे

साइन लहरीची चौकोनी लहर करायची, हे ऐकायला सोपे काम आहे. लहर शून्याच्या वर असली की कंपॅरेटरने ‘हो’ म्हणायचे, खाली असली की ‘नाही’. पण रायपूरला माझ्या धाकट्या भावाच्या टेबलावरचा काउंटर 10 किलोहर्ट्झच्या लहरीला कधी दुप्पट, कधी तिप्पट आकडा दाखवत होता. त्याची टिपणे मी विदर्भातल्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत आणत होते, म्हणून शेजारी बसले होते.

त्याने प्रोबची लांब अर्थिंगची वायर आखूड केली, चिपच्या सप्लाय पिनला चिकटून 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. थोडा फरक पडला, एवढेच. “ताई, चिप फार चपळ आहे, तेच दुखणं आहे,” तो म्हणाला.

हिशेब असा. 1 व्होल्ट शिखराची ही लहर शून्यापाशी एका नॅनोसेकंदात जेमतेम 0.063 मिलिव्होल्ट सरकते. तिच्यात 5 मिलिव्होल्टचा गोंगाट मिसळला असेल तर तेवढा पट्टा ओलांडायला तिला 80 नॅनोसेकंद लागतात. जुन्या एलएम 311 ला उत्तर द्यायलाच सुमारे 200 नॅनोसेकंद लागतात, एलटी 1016 ला 10. त्यामुळे उंबरठ्यावरच्या प्रत्येक चुळबुळीला ही चपळ चिप हो-नाही, हो-नाही करत राहते.

उपाय ऑटो श्मिटचा. 1934 मध्ये, विद्यार्थी असताना, मज्जातंतूंच्या अभ्यासातून त्याला तो सुचला. उंबरठे दोन ठेवायचे: चढताना वरचा, उतरताना खालचा. भावाने आउटपुटकडून 330 किलोओहमचा रेझिस्टर परत इनपुटला जोडला, इनपुटच्या वाटेत 1 किलोओहमचा. 5 व्होल्टच्या आउटपुटला उंबरठ्यांत 15 मिलिव्होल्टचे अंतर पडले आणि आकडा 10,000 वर थांबला. मोबदला एवढाच, की प्रत्येक बदल आता सुमारे 120 नॅनोसेकंद उशिरा होतो.

या गुणाला हिस्टेरिसिस म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मागे राहणे. हिंदीत ‘शैथिल्य’ रूढ आहे. इथे दिवसभर हिंदी कानावर पडते, तरी तो शब्द मराठीत लिहायला हात धजेना. मराठी कानाला त्यात ढिलाई ऐकू येते, आणि हे सर्किट ढिले नाही. ते एकदा ठरवले की पुरेसे कारण मिळेपर्यंत बदलत नाही. शेवटी ‘हिस्टेरिसिस’च ठेवला आणि खाली हेच वाक्य लिहिले. भावाने वाचून फक्त ‘पुरेसे’पुढे ‘15 मिलिव्होल्टचे’ घातले.