१ ऑगस्ट, वाटेगाव

साताऱ्याहून निघालो तेव्हा पावसाची भुरभुर होती. उंब्रज, कऱ्हाड मागे टाकून एस.टी. सांगली जिल्ह्यात शिरली, तशा पिवळे झेंडे लावलेल्या जीपगाड्या दिसू लागल्या. सगळ्यांची तोंडं एकाच गावाकडं. १९२० साली आजच्याच दिवशी लेखक अण्णाभाऊ साठे इथं जन्मले तेव्हा वाटेगाव सातारा जिल्ह्यातच होतं. सांगली पुढं वेगळी झाली.

वेशीपासूनच हलग्या कडाडत होत्या. दमट हवेनं कातडं सैल पडलं की पोरं आडोशाला कागदांचा जाळ करून हलगी शेकायची, बोटानं टिचकी मारून बघायची आणि खणखणीत आवाज आला की पुन्हा मिरवणुकीत घुसायची. बाया डोक्यावर पदर घेऊन, लेकरं कडेवर घेऊन पुतळ्याकडं निघालेल्या. एका लेखकासाठी एवढी कष्टकरी माणसं रोजगार बुडवून येतात, हे मी दुसरीकडं पाहिलेलं नाही.

त्याचं कारण ‘फकिरा’. १९५९ साली आलेली, बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली ही कादंबरी, वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आणि १९६१चा राज्य पुरस्कार लाभलेली. इंग्रज सरकारनं कायद्यानंच ज्या जमातीला गुन्हेगार ठरवलं, हजेरीला उभं केलं, त्यातला फकिरा राणोजी मांग अण्णाभाऊंनी नायक केला. फकिरा त्यांच्या नात्यातलाच. अण्णाभाऊ जन्मल्याचं कळताच त्यानं लुटीतल्या सुरती रुपयांच्या ओंजळी घरात टाकल्या, असं सांगतात. सरकारी दप्तरातला दरोडेखोर आणि घुटीला पैसे देणारा पाहुणा, एकच माणूस! शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या अण्णाभाऊंनी यातलं खरं कोणतं ते ठरवलं. मराठी कादंबरीनं केलेल्या मोठ्या कामांपैकी हे एक, असं मी मानतो.

चहाच्या टपरीवर बाकावर सरकून जागा देत एका म्हाताऱ्यांनी विचारलं, “कुनीकडनं आलासा?” सातारा म्हटल्यावर लगेच, “मग शिगावची जोगणी ठावं असंल.” जत्रेचा मान मिळवून देणारी ती जोगणी आपल्या गावात आणताना फकिराच्या बापानं, राणोजीनं जीव दिला, तो कादंबरीतला प्रसंग त्यांनी काल घडल्यासारखा सांगितला. शेजारचा तरुण म्हणाला, “पर आबा, फकिरानं इंग्रजाच्या हवाली व्हायला नको हुतं.”

म्हातारे उसळले. “आपली मानसं कोंडल्याली, मग काय करनार त्यो?”

तरुण ऐकेना, आबाही हटेनात. मी आणखी एक चहा सांगितला आणि आबांच्या बाजूनं वादात उतरलो.