आंदर मावळातला मुरूम

रविवारी सायकल घेऊन पवना धरणाकडे जाऊ नये, हे मी आता कुणालाही बेधडक सांगतो. दुधिवरे खिंड उतरून तुंग-तिकोन्याच्या बाजूला जाणारा रस्ता देखणा आहे, नाही असं नाही. पण सुट्टीच्या दिवशी त्यावर तंबूंकडे निघालेल्या मोटारींची रांग असते आणि संध्याकाळी पाण्याच्या पार पलीकडून गाण्याचे ठोके ऐकू येतात. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं, तेवढ्यासाठी एखाद्या मंगळवारी-बुधवारी जावं. एरवी पुण्याकडून येताना कामशेतच्या अलीकडेच, कान्हे फाट्याला, उजवीकडे वळावं आणि आंदर मावळ गाठावा.

टाकव्यापर्यंत कारखान्यांचे ट्रक सोबतीला असतात. तेवढा धूर मुकाट सोसायचा. वडेश्वर मागे पडलं की वाहनं विरळ होतात. दुधाचा टेम्पो, माणसांनी ओसंडून वाहणारं वडाप, शाळेच्या मास्तरांची मोटारसायकल, आणि मग तेही नाही. डावी-उजवीकडे भातखाचरं आणि समोर सह्याद्रीची शेवटची रांग.

एवढ्या मोठ्या खोऱ्यात रहदारी का नाही, हा प्रश्न मला नकाशा पसरल्यावर पडला, आणि उत्तरही नकाशातच होतं. हा रस्ता पुढे कुठेच जात नाही. खांडी-कुसूरच्या पलीकडे कडा तुटतो आणि खाली कर्जतकडचं कोकण दिसतं. कधीकाळी कुसूर घाटाने माल आणि माणसं ये-जा करत. मग १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये तिथूनच आगगाडी वर चढली आणि २००२ पर्यंत द्रुतगती मार्गही पुरा झाला. तिन्ही खंडाळ्याच्या बाजूने. शेजारच्या खोऱ्यातून जी वर्दळ गेली, तिने आंदर मावळाकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. आमच्यासारख्या रिकामटेकड्या सायकलवाल्यांची त्यामुळे चैन झाली.

माझी सायकल ग्रॅव्हल जातीची. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं वाकडं, टायर मात्र चाळीस मिलिमीटर रुंद, ट्यूबलेस, आणि हवा पस्तीस पौंडांच्या आसपास. डांबरावर सत्तर-ऐंशी पौंड हवा भरणाऱ्यांना हे ऐकून धक्का बसतो. पण कच्च्या रस्त्यावर टणक टायर दगडादगडावरून उडतो आणि मऊ टायर दगड पोटात घेऊन पुढे जातो. करवंदीच्या काट्याने भोक पडलं तर आतला चिकट द्रव ते आपोआप बुजवतो. मावळात कुंपणाला करवंदीच्या फांद्या घालतात, त्यामुळे या द्रवाचा खर्च वाया जात नाही.

सगळ्यात चांगला तो मुरूम. झिजलेल्या काळ्या दगडाचा हा तांबूस भुगा पावसात दबून घट्ट बसतो, आणि दिवाळीच्या आगेमागे त्यावरून चाक फिरतं तेव्हा नुसता करकर असा बारीक आवाज येतो. फेब्रुवारीनंतर त्याचीच भुकटी होते. मग पुढच्या सायकलीपासून शंभर पावलं मागे राहावं लागतं. कातळ कोरडा असला तर त्यावर टायर उत्तम धरतो, शेवाळलेला असेल तर उतरून चालण्याला पर्याय नाही. आणि सगळ्यात वाईट तो सुट्या खडीचा रस्ता. मुठीएवढे दगड अंथरलेले, वर रोलर फिरलेला नाही, डांबराचे पिंप कुठे अडकलेत कुणाला ठाऊक नाही. अशा रस्त्यावर मागचं चाक एकीकडे जातं आणि आपण दुसरीकडे. चढावर तर बसूनच पायडल मारावं लागतं. उभं राहिलं की मागचं चाक जागच्या जागी गरगरतं.

पण चाकाखालच्या जमिनीवरून आणखी एक गोष्ट कळायला लागते. हा रस्ता कुणी आणि कशासाठी केला?

ठोकरवाडीच्या जलाशयाकाठचा रस्ता घ्या. टाटांनी आंध्रा नदी इथे अडवली आणि १९२२ मध्ये खाली भिवपुरीला वीजघर सुरू झालं. ही नदी खरं तर पूर्वेकडे निघालेली. इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला मिळायची. तिचं पाणी वळवून सुमारे पाचशे मीटर खाली सोडलं, त्यावर मुंबईसाठी वीज केली, आणि तेच पाणी आता पेज नदीतून उल्हासला जाऊन अरबी समुद्र गाठतं. खोऱ्याच्या तळाची सपाट, सोपी जमीन पाण्याखाली गेली. उरलेला रस्ता डोंगराच्या कुशीतून, प्रत्येक ओहोळाच्या पोटात शिरून परत बाहेर येतो. समोरचं गाव पाण्यापलीकडे हाकेच्या अंतरावर दिसतं आणि तिथे पोचायला अर्धा तास लागतो. मला हा अर्धा तास हवाच असतो. डोक्यावर बाजाराची पिशवी घेऊन निघालेल्या बाईला तो कशाला हवा असेल?

मार्चपासून पाणी उतरतं आणि काठाला गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. भेगाळलेला, वरून टणक. त्यावर सायकल घालायची ती गुरांच्या वाटेवरूनच. जिथे म्हैस गेली तिथे आपणही जातो, एवढा साधा नियम. म्हशीचे खूर खोल रुतलेले दिसले तर तिथूनच मागे फिरायचं.

सावळे-खांडीच्या वरच्या डोंगरांवर पवनचक्क्या आहेत आणि त्यांच्याकडे जाणारा रस्ता म्हणजे ग्रॅव्हल सायकलवाल्यांचं माहेर. कारण सरळ आहे. पवनचक्कीचं पातं अखंड असतं, त्याचे तुकडे करून नेता येत नाही. इतका लांब ट्रेलर नेहमीच्या घाटाच्या वळणावर फिरत नाही. म्हणून वळणं ऐसपैस ठेवतात, चढ बेताचा ठेवतात, रुंदी भरपूर, आणि वर दाबलेला मुरूम. पाती एकदा वर पोचली की पुढची कित्येक वर्षं तिथे देखभालीच्या जीपखेरीज काही जात नाही. फाटकावरचा रखवालदार कधी सोडतो, कधी नाही. सोडलं, तर वरून एका बाजूला जलाशय आणि दुसऱ्या बाजूला कोकणाची दरी दिसते. उतारावर मी ब्रेकवरची बोटंसुद्धा सैल सोडतो.

हे लिहिताना थोडं अवघडायला होतं. याच रांगेत पुढे भीमाशंकरकडे पवनचक्क्यांसाठी डोंगर कापून केलेल्या रस्त्यांवर माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीने २०११च्या अहवालात कोरडे ओढले होते. कापलेल्या उतारांवरून दगडमाती वाहून ओढ्यांत जाते, हा त्यातला मुद्दा. पहिल्या पावसानंतर असा रस्ता पाहिला की त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कडेला पाण्याने कोरलेल्या हातभर खोल घळी असतात आणि आपण त्यांना चुकवत मजेत सायकल चालवत असतो.

कुसूरच्या टोकाला मुरूम संपतो. पुढे उतरणारी वाट पायांची. तिथे कड्याशी बसून शेंगदाण्याची चिक्की खात होतो, तेव्हा खांद्यावर बोचकं घेतलेले एक मामा आले. सायकलीकडे बघून हसले. "ही न्हेनार का खाली?" म्हटलं, नाही. "म्या लेकीकडं चाललोय," म्हणाले आणि दुसरा शब्द न बोलता उतरायला लागले. त्यांच्या पायांत साध्या चपला होत्या. गाडीने त्या गावाला जायचं तर कामशेत, लोणावळा, खोपोली, कर्जत असा आख्खा वळसा.

परतीच्या वाटेवर एका वस्तीपाशी रस्ताभर भात वाळत घातलेलं होतं. इंद्रायणी. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेलं हे वाण आता मावळात घरोघरी दिसतं. गाड्या नाहीत म्हणूनच रस्त्याचं खळं करता येतं. मी उतरून कडेकडेने सायकल ढकलायला लागलो, तर दाण्यांवरून फळी ओढणाऱ्या आजींनी हाक मारली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"कुठनं आलासा?"

"पुण्याहून, आजी. तुमचा रस्ता लई छान आहे."

"ह्यो?" त्यांनी फळी थांबवली. "पावसात सुनेला झोळीत घालून खाली न्हेली ह्याच रस्त्यानं. यष्टी येत नाय, गाडीवाला येत नाय. दर विलेक्शनला डांबर येतंय म्हनत्यात."

पुढच्या वळणावर खडीचे ढीग पडलेले मी पाहिले होते. या खेपेला काम होणार असं दिसत होतं. मी तसं सांगितलं, आणि डांबर पडलं की गाड्याही वाढतील, हेही भीत भीत जोडून दिलं.

"वाढू देत की. त्याच्यासाठीच तर मागतोय." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना दया आली असावी. वस्तीच्या मागच्या डोंगराकडे हात करून म्हणाल्या, "तुमाला मोकळीच वाट पायजे ना? मग ती वर पठारावर धनगरवाड्याकडं जाती. तिकडं अजून धा वर्सं डांबर येत नाय. फकस्त कुत्री सांभाळा."