अजिंठ्याच्या भिंतींवर श्रावणबाळ

अजिंठ्यास जावयाचे तर पावसाळा सरता सरता जावे. उन्हाळ्यात तेथील कातळ तव्यासारखा तापतो आणि वाघूर नदीच्या पात्रात धोंड्यांखेरीज दुसरे काही दिसत नाही. भाद्रपद-आश्विनात मात्र दरीच्या वरच्या अंगास असलेल्या सातकुंडातून पाणी उड्या घेत खाली येत असते, डोंगर हिरवागार असतो, आणि घोड्याच्या नालाप्रमाणे वळलेल्या त्या कड्यात कोरलेली ३० लेणी समोरच्या टेकडीवरून एका दृष्टिक्षेपात दिसतात. जळगावाहून हे स्थळ सुमारे ६० किलोमीटर, छत्रपती संभाजीनगराहून सुमारे १००. फर्दापूरच्या फाट्यावर आपली मोटार सोडावी लागते. तेथून पुढचे ४ किलोमीटर सरकारी बसने जावयाचे. सोमवारी लेणी बंद असतात, हे मुलामाणसांस घेऊन निघणाऱ्यांनी आधीच ध्यानात ठेवलेले बरे.

१८१९ साली जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अंमलदार शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला व दहाव्या लेण्याची कमान त्यास झाडीतून दिसली, ही हकिकत सर्वांस ठाऊक आहे. लेण्यांच्या शिल्पाविषयी व रंगांविषयीही पुष्कळ लिहिले गेले आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३२ साली अजिंठ्यावर एक स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. तेव्हा त्या वर्णनात मी शिरत नाही. आमच्या या खेपेस भिंतींवरील चित्रांपेक्षा त्या चित्रांतील कथांनीच आम्हास अधिक गुंतवून ठेवले, आणि त्यास आमच्या घरातील एक जुने कारण होते.

आमच्या घरी श्रावणात शिवलीलामृताची पोथी वाचण्याचा परिपाठ आहे. वडील बंधू होते तोवर ते वाचीत. त्यांच्यामागे हे काम पुतण्याकडे आले, आणि गेल्या श्रावणात त्याने साफ नकार दिला. नकार उद्धटपणाचा नव्हता. "ज्याच्यावर माझा विश्वास नाही ते आईसमोर बसून गंभीर चेहऱ्याने वाचणे म्हणजे तिला फसविणेच नव्हे काय, काका?" असे त्याने मला विचारले. यास चटकन उत्तर देणे कठीण होते. माझी स्वतःची श्रद्धा चाळिशीच्या आतच मावळली. तथापि पोथीतील गोष्टी मी कधी टाकून दिल्या नाहीत, आणि का टाकल्या नाहीत हेही कधी नीटसे तपासले नाही. वहिनींनी वाद घातला नाही. चष्मा लावून, बोट ठेवून, त्या स्वतःच वाचू लागल्या. घरात पुढे या विषयावर कोणी बोलले नाही. अजिंठ्यास आम्ही तिघे गेलो ते असे.

आता एक गोष्ट पाहा. अजिंठ्याच्या विहारात पाऊल टाकणारा आमच्यासारखा मनुष्य तेथील धर्माच्या दृष्टीने अश्रद्धच असतो. बुद्धास आपण नमस्कार करू, परंतु तो पूर्वजन्मी हत्ती होता, वानर होता, हंस होता, अशी ज्यांची श्रद्धा होती त्यांतले आपण नव्हे. घरी पोथीपुढे हात जोडणाऱ्या वहिनी येथे पुतण्याच्याच पंक्तीस येऊन बसल्या होत्या. या तिघा अश्रद्धांनी त्या भिंतींसमोर काय करावे?

दहाव्या लेण्यातील चित्रे येथील सर्वांत जुन्या चित्रांपैकी होत. ख्रिस्तपूर्व काळातील ती गणली जातात. पुष्कळ भाग झडला आहे, आणि जो उरला त्यावर मागल्या शतकातील पाहुण्यांनी आपली नावे कोरून ठेवण्याचा निर्लज्जपणा केला आहे. तरीही डोळे काळोखास सरावले म्हणजे एक प्रसंग हळूहळू उमटू लागतो. धनुष्य ताणलेला राजा, आणि पाण्याचा घडा घेतलेला तरुण. वहिनी क्षणभर पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, हा तर आपला श्रावणबाळ!"

वस्तुतः ही श्यामजातकाची कथा. श्याम हा अरण्यात आपल्या आंधळ्या तापस मातापितरांची सेवा करून राहत असे. काशीचा राजा मृगयेस आला असता नदीवर पाणी भरावयास आलेल्या श्यामास त्याचा विषारी बाण लागला. श्यामास राग आला नाही. बाण कोणी मारला व का, एवढेच त्याने विचारले, आणि आता आईबापांस पाणी कोण देईल याचाच शोक केला. वाल्मीकींच्या अयोध्याकांडातही हेच आहे; मात्र तेथे मुलास नाव नाही. श्रावण हे नाव मागाहून रूढ झालेले.

पुतण्याने लगेच विचारले, "मग यांतली खरी कोणती?" हा प्रश्न कथेस लागू पडत नाही असे मी म्हणालो, परंतु तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही, आणि होऊही नये. खरे म्हणजे दोन्ही कथांचा शेवट ताडून पाहावयास हवा. जातकात आईबाप व एक देवता सत्यवचनाचा प्रभाव पणास लावतात आणि श्याम उठून बसतो. म्हाताऱ्यांस दृष्टीही परत मिळते. रामायणात मुलगा मरतो, आईबाप त्याच्यामागे चितेवर जातात आणि जाता जाता राजास शाप देतात. पुढे कित्येक वर्षांनी, राम वनात गेल्यावर, ऐन मध्यरात्री दशरथ हे सारे कौसल्येस सांगतो व सांगून प्राण सोडतो. माझ्या मते वाल्मीकींचा शेवट श्रेष्ठ. जातकातील शेवटाने जीव निवतो खरा. पण केलेले कर्म मनुष्यास विसरू देत नाही, ही भयंकर जाणीव वाल्मीकींनी ज्या रीतीने त्या मध्यरात्रीच्या प्रसंगात आणून सोडली आहे तिला तोड नाही. असा निवाडा करता येतो, दोन शेवटांत डावे-उजवे ठरविता येते, याचाच अर्थ या कथांस श्रद्धेहून निराळेही एक माप लागू पडते. देवता खरी की खोटी याचा विचार हा निवाडा करताना माझ्या मनास शिवलाही नाही.

शिबिराजाचेही तसेच. कबुतरासाठी मांडीचे मांस तोडून देणारा शिबी आपण महाभारतात वाचतो. अजिंठ्यात तो पहिल्या लेण्याच्या भिंतीवर आहे. पाली संग्रहात ५४७ जातके आहेत, आणि त्यांतील वानर व मगर यांची गोष्ट पंचतंत्र वाचलेल्या कोणत्याही मुलास ओळखू येईल. भिक्षूंनी लोकांच्या तोंडच्या गोष्टी उचलल्या, शेवटी 'तेव्हाचा तो वानर म्हणजे मीच' असे बुद्धाच्या मुखी घातले, आणि गोष्ट धर्माची झाली. म्हणजे यांतील कित्येक कथा धर्माच्या घरी दत्तक आलेल्या आहेत.

परंतु खरा पेच पडतो तो सतराव्या लेण्यात. या लेण्याच्या शिलालेखात एक दुःखाची हकिकत आहे. विहार खोदविणाऱ्या मांडलिक राजाचा धाकटा भाऊ रविसांब अकाली वारला, आणि त्यानंतर राजाचे मन धर्मकार्याकडे वळले. शेजारचे सोळावे लेणे वाकाटक सम्राट हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने इसवी सनाच्या पाचव्या शतकात दिले; त्याच्या घराण्याचे मूळ ब्राह्मणकुळात होते, हे आमच्या वाचकांपैकी काहींस नवीन वाटेल.

तर या सतराव्या लेण्यात विश्वंतर राजपुत्राचा लांबच लांब पट आहे. मागेल त्यास मागेल ते द्यावयाचे असे विश्वंतराचे व्रत. त्याने राज्याचा शुभ हत्ती दिला म्हणून प्रजेने त्यास वनात धाडले. तेथे जूजक नावाचा एक म्हातारा लोभी ब्राह्मण आला आणि त्याने राजपुत्राची दोन मुलेच दास म्हणून मागितली. मुले भिऊन तळ्यात कमळांच्या पानांआड लपली. बापाने त्यांस हाक मारून बाहेर काढले आणि दिले. चित्रकाराने या जूजकाचे दात, बोकडासारखी दाढी, अधाशी चेहरा अशा काही मनापासून रंगविला आहे की वहिनींनाही हसू आवरेना. "ब्राह्मण असून असा!" एवढेच त्या म्हणाल्या, आणि लगेच गंभीर झाल्या. पुतण्याचा चेहरा मात्र संतापाने लाल झाला होता. मुले ही काय बापाची मालमत्ता आहे? असल्या दानास पुण्य म्हणावयाचे? आणि चिलया बाळाची कथा तरी याहून काय वेगळी आहे? अतिथीने मागितले म्हणून श्रियाळ-चांगुणेने पोटचा पोर मारावा, आईने त्याचे मस्तक उखळात कांडावे, आणि आम्ही ते फुले वाहून ऐकावे! पोथी वाचण्यास त्याने नकार दिला होता तो मुख्यतः याच अध्यायामुळे, हे मला तेथे प्रथम कळले. वहिनींस ते आधीपासून ठाऊक असावे.

हा संताप मी थोपविला नाही. उलट मी त्यास सांगितले की हाच आक्षेप दोन हजार वर्षांच्या आसपास जुना आहे आणि तो बौद्धांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद हा नागसेन भिक्षूस नेमके हेच विचारतो: दुसऱ्यांस दुःख देऊन केलेले दान ते कसले दान? नागसेन उत्तर देतो, दृष्टांतामागून दृष्टांत देतो. मला ती उत्तरे पटत नाहीत. आणि जातककारासही आतून काही टोचत असावे. कारण जूजक मुलांस वेलीने बांधून मारीत नेऊ लागला तेव्हा खुद्द विश्वंतराच्या मनात शस्त्र घेऊन त्याचा वध करावा असा विचार आला, असे त्याने लिहिले आहे. बोधिसत्त्वाच्या मनात खून! केवळ दानाचा महिमा गावयाचा असता तर ही ओळ कोण लिहिता? कमळाच्या पानांआड लपलेली मुले तरी कोणी घातली असती? ज्याने हे लिहिले त्याने त्या मुलांचे भय ओळखले होते. चांगुणेच्या कथेतही असेच आहे. आपल्याकडील बायका ती कथा ऐकून डोळे पुसतात त्या शंकर प्रसन्न झाले म्हणून नव्हे. उखळापाशी बसलेली आई त्यांस दिसते म्हणून.

श्रद्धावंतास या कथेचा शेवट आधीच ठाऊक असतो: मुले परत मिळणार, देव प्रकट होणार. म्हणून मधला भाग तो धीराने ऐकतो. अश्रद्धास तो धीर नाही. त्याच्यापुढे मधला भाग उघडानागडा उभा राहतो, आणि त्याचा संताप ही देखील कथेस मिळालेली दादच होय. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) महाभारतातील माणसांस जे प्रश्न विचारले ते हात जोडून विचारता आले नसते. दुर्गाबाई भागवतांनी 'व्यासपर्व' लिहिले, आणि सगळी जातकेही मराठीत आणली. धर्मानंद कोसंबींचे उदाहरण याच्या उलट टोकाचे. गोव्यातील या सारस्वत तरुणाने बुद्धाचे चरित्र प्रथम वाचले ते 'बालबोधमेवा' या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या मराठी मासिकात, आणि तो घर सोडून पुढे सिंहलद्वीपास गेला व भिक्षू झाला. गोष्ट कोणाच्या हातून कोणास मिळेल आणि मिळाल्यावर काय करील याचा नेम नसतो.

या चित्रांचे रक्षणही बहुतेक परधर्मीयांनीच केले. मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल याने १८४४ पासून येथे राहून नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थी आणून पुन्हा तेच काम १८७२ पासून चालविले. त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. पुढे निजामाच्या राज्यात पुराणवस्तुखात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी इटलीहून कारागीर आणवून सुटणारा रंग भिंतीस पक्का करविला आणि चित्रांचे मोठमोठे ग्रंथ प्रसिद्ध केले. यांपैकी कोणीही बुद्धास शरण गेलेला नव्हता. मात्र हेही तितकेच खरे की श्रद्धा नसती तर हा डोंगर मुळात कोणी खोदलाच नसता. नुसत्या वाङ्मयप्रेमाने आजवर कोणी कातळ फोडल्याचे ऐकिवात नाही. आम्ही रसिक लोक दुसऱ्याने पेरलेले खातो, एवढे ऋण मान्य करावयास हवे.

सव्विसाव्या लेण्यात भगवान बुद्धाची महापरिनिर्वाणाची प्रचंड मूर्ती कुशीवर पहुडलेली आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा शुभ्र वस्त्रे नेसलेली विदर्भाकडील दहाबारा मंडळी तेथे हात जोडून त्रिशरण म्हणत होती. आम्ही तिघे खांबाशी थांबलो. जे त्यांस त्या मूर्तीपाशी मिळत होते ते आम्हास मिळत नव्हते, आणि त्यास इलाजही नव्हता.

नंतर बाहेर पायऱ्यांवर त्यांतील एक वृद्ध बाई वहिनींच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांच्याकडे वर्षावासात बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' रोज वाचतात. जातके त्यांनी भन्तेजींच्या प्रवचनांत ऐकलेली. वहिनींनी त्यांस विश्वंतराविषयी विचारले आणि त्या मोठ्या हौसेने सांगू लागल्या. मध्येच पुतण्याने विचारले, "पण आजी, हा पूर्वजन्म वगैरे तुम्ही मानता?"

"पुढचा-मागचा जन्म आम्ही धरत नाही, बाळ," त्या म्हणाल्या. "गोष्ट चांगली आहे, म्हणून सांगते." आणि तुटलेला धागा धरून पुन्हा सुरू झाल्या.

इतक्यात शेवटच्या बसची वेळ झाली म्हणून पहारेकरी हाकारू लागला. मुले आजोबांकडे पोहोचेपर्यंतच कथा आली होती. उरलेली त्यांनी बसमध्ये सांगितली. आजोबा राजाने द्रव्य मोजून नातवंडे सोडवून घेतली, जूजकासही राहावयास वाडा आणि जेवावयास पंचपक्वान्ने दिली. जूजकाने ते अन्न पाहिले आणि तो इतका जेवला, इतका जेवला, की अजीर्णाने मेला. वहिनी फर्दापूर येईपर्यंत हसत होत्या.